चार गुणांचा उतारा : दहावीच्या इतिहासाबद्दल एक खुलं पत्र

प्रति,
मा. सदस्य, इतिहास विषय समिती, बालभारती, पुणे
आणि
दहावीची इतिहासाची प्रश्नपत्रिका काढणारी सर्व शिक्षक मंडळी,
महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ, पुणे

सप्रेम नमस्कार.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावच्या माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. यंदाचं एकविसावं वर्ष. नववी-दहावीच्या तुकड्या माझ्याकडे असतात. एकेका वर्गात पन्नास-साठ मुलं आणि पस्तीस मिनिटांची तासिका. राज्याचा नवा अभ्यासक्रम आराखडा आला, पहिलीपासून टप्प्याटप्प्याने नवी पुस्तकं येऊ लागली, म्हणजे दहावीच्या इतिहासाचीही पाळी येणारच. ती येण्याआधी माझं म्हणणं तुमच्या कानावर जावं म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहिते आहे. मागणी एकच आहे आणि ती चार गुणांची आहे.

आधी पुस्तकाबद्दल चांगलं बोलते, कारण ते मनापासूनचं आहे. २०१८ साली दहावीचं नवं पुस्तक हातात आलं तेव्हा पहिला धडा उघडून मी स्टाफरूममध्येच वाचत बसले. ‘इतिहासलेखन : पाश्चात्त्य परंपरा’. पाठोपाठ ‘इतिहासलेखन : भारतीय परंपरा’. लढाया आणि तह बाजूला ठेवून, मुळात इतिहास लिहितात कसा, इथून पुस्तक सुरू होत होतं. देकार्त, व्हॉल्टेअर, रांके, मार्क्स, फुको हे पाश्चात्त्य विचारवंत. आपल्याकडचे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे. महात्मा फुल्यांची ‘गुलामगिरी’, ताराबाई शिंद्यांची ‘स्त्रीपुरुष तुलना’. पुढे प्रसारमाध्यमांच्या धड्यात तर स्पष्टच लिहिलंय की माध्यमांतून आलेली माहिती चिकित्सकपणे तपासून घ्यावी लागते. त्याला उदाहरण दिलंय ते ‘स्टर्न’ या जर्मन साप्ताहिकाचं, ज्याने हिटलरच्या म्हणून विकत घेतलेल्या रोजनिशा नकली निघाल्या. पंधरा वर्षांच्या मुलांवर एवढा विश्वास टाकणारं पुस्तक मी त्याआधी पाहिलं नव्हतं. ज्यांनी ते लिहिलं त्यांचे मी आजही आभार मानते.

मग परीक्षा आली.

‘आधुनिक इतिहासलेखनाचा जनक ........ यास म्हटले जाते.’ चार पर्याय, एक गुण. ‘आर्केऑलॉजी ऑफ नॉलेज’ हा ग्रंथ कुणी लिहिला? पुन्हा चार पर्याय, एक गुण. एखादी गोष्ट निःसंशयपणे सिद्ध होत नाही तोवर ती खरी मानू नये, असं देकार्त सांगून गेला. माझी मुलं ते वाक्य वहीत पाच वेळा लिहून पाठ करतात आणि हे खरं कशावरून, असं एकदाही विचारत नाहीत. विचारायची गरजच पडत नाही. रोजनिशांचंही तसंच. ‘सकारण स्पष्ट करा’मध्ये मुलं चार ओळी लिहितात आणि दोन गुण घेतात. पण त्या रोजनिशा नकली आहेत हे कळलं कसं, ते त्यांना ठाऊक नसतं. १९८३ साली जर्मनीच्या सरकारी अभिलेखागाराने कागद आणि शाई तपासली आणि दोन्ही महायुद्धानंतरच्या काळातली निघाली. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा शेवटच्या बाकावरचा, वर्षभर तोंड न उघडलेला एक मुलगा म्हणाला, “म्हंजे नोटेवानी. उजेडात धरून बघायची.”

तो मुलगा सुट्टीच्या दिवशी बापाबरोबर आठवडी बाजारात भाजी घेऊन बसायचा. पाचशेची नोट उजेडात धरायची, बोटाने चाचपायची, मगच गल्ल्यात टाकायची, हे त्याला शाळेने शिकवलेलं नव्हतं. साधनाची चिकित्सा म्हणजे काय ते त्याने एका वाक्यात सांगितलं. पेपरात ते लिहायला त्याला जागा नव्हती. इतिहासात त्याला काठावरचे गुण मिळाले. त्याची मला अजून टोचणी आहे.

प्रश्नपत्रिकेचा आराखडा तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ४० गुणांचा पेपर, त्यात २८ इतिहासाचे आणि १२ राज्यशास्त्राचे. प्रश्न चौथा : दिलेल्या उताऱ्याचे वाचन करून प्रश्नांची उत्तरे लिहा, गुण ४. माझ्या पाहण्यात हा उतारा पाठ्यपुस्तकातूनच उचललेला असतो आणि उत्तरं त्यातच जशीच्या तशी पडलेली असतात. प्रश्नातला मोठा शब्द उताऱ्यात बोटाने शोधायचा, सापडला की त्या ओळीपासून पूर्णविरामापर्यंत उतरवून काढायचं. हुशार मुलं तीन मिनिटांत करतात, कच्ची मुलं पाच मिनिटांत. आम्हीच त्यांना ते शिकवलंय, कारण पास होण्यासाठी तेच लागतं.

माझं म्हणणं असं की तेवढा एक उतारा बदला. बाकी पेपर आहे तसा राहू द्या. त्या जागी मुलांनी आधी कधी न पाहिलेलं एखादं खरं साधन द्या. जुन्या पत्राचा तुकडा, बखरीतल्या चार ओळी, शंभर वर्षांपूर्वीच्या वर्तमानपत्रातली बातमी, शिलालेखाचं वाचन, एखाद्या म्हातारीची आठवण. त्याखाली एक ओळ : हे कुणी लिहिलं, कधी, कुणासाठी. जमलं तर त्याच घटनेबद्दल वेगळं सांगणारं दुसरं साधन शेजारी ठेवा. आणि प्रश्न असे विचारा की उत्तर उचलता येणार नाही, शोधावं लागेल. एवढ्या चार गुणांसाठी महाराष्ट्रातला प्रत्येक इतिहास शिक्षक वर्षभर वर्गात साधनं वाचून घेईल. आम्ही पेपर बघून शिकवतो, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि आम्हालाही.

हे मुलांना झेपेल का, असं तुमच्यातलं कुणीतरी विचारेल. म्हणून आमच्या वर्गातलं सांगते.

आमच्या गावात शिवजयंती दोनदा होते. १९ फेब्रुवारीला एकदा आणि फाल्गुन वद्य तृतीयेला तिथीने एकदा. मंडळं वेगळी, मिरवणुका वेगळ्या. एका वर्षी नववीतल्या एका मुलीने विचारलं, “बाई, महाराजांचा वाढदिवस दोनदा का?” तारीख आणि तिथीचा फरक मी दोन मिनिटांत सांगितला असता आणि धड्याकडे वळले असते. त्या दिवशी मात्र म्हटलं, अगं दोनदा नाही, आपल्या पणजोबांच्या काळात आणखी एक तिथी मानत होते, वैशाख शुद्ध द्वितीया आणि वर्ष शके १५४९, म्हणजे १६२७. वर्गात एकदम शांतता. मग हात वर व्हायला लागले.

दुसऱ्या दिवशी मी झेरॉक्सचा एक कागद घेऊन गेले. त्यावर तीन नोंदी. पहिली, काही बखरींतून आलेली शके १५४९ ची तिथी. दुसरी जेधे शकावलीतली : शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, हस्त नक्षत्र, शिवनेरीवर जन्म. तिसरी ‘शिवभारता’तली, तीही शके १५५१ चीच. खाली माहिती : जेधे हे भोरजवळच्या कारीचे देशमुख, स्वराज्याच्या कामात पहिल्यापासून असलेलं घराणं. त्यांच्याकडची शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केली. ‘शिवभारत’ लिहिणारे कवींद्र परमानंद खुद्द महाराजांच्या पदरी होते. सहा-सहा मुलांचे गट पाडले आणि एकच विचारलं : तुम्ही कुणाचं ऐकाल आणि का?

पहिल्या गटाने सांगितलं की परमानंदांचं, कारण ते महाराजांच्या जवळ होते. लगेच पलीकडून आवाज आला, “जवळचा मानूस तारीफ करतो.” त्यावर पहिल्या गटातली मुलगी म्हणाली, “तारीफ करंल, पण जन्मतारीख कशाला बदलंल?” हा प्रश्न मला कुठल्या प्रशिक्षणात कुणी शिकवला नव्हता. दुसऱ्या गटाने बखर आणि शकावली यांतला फरक पकडला. बखर म्हणजे गोष्ट सांगणं, शकावली म्हणजे नुसत्या नोंदी. ज्याला नोंदीच ठेवायच्यात तो तारखेला जपेल. आणि एक मुलगा, ज्याच्या घरी पंचांग बघायला लोक येतात, तो म्हणाला, “बाई, वार दिलाय. वार जुळतो का बघता येतंय की.” आम्ही पाहिलं. त्या काळी इंग्रज वापरत त्या ज्युलियन कालगणनेने १९ फेब्रुवारी १६३० ला शुक्रवारच येतो. गणित फळ्यावर पुरं झालं तेव्हा वर्गाने टाळ्या वाजवल्या. इतिहासाच्या तासाला मी त्याआधी टाळ्या ऐकल्या नव्हत्या.

एका मुलीचा चेहरा मात्र उतरला होता. “मग आमचं पणजोबा चुकीच्या दिवशी करत होते?” तिला उत्तर मी दिलं नाही, तिच्या मैत्रिणीने दिलं. त्यांच्याकडं जो कागद होता त्याच्यावरून ते करत होते. नवा कागद सापडला, तो तपासला आणि मग तारीख बदलली.

नवा कागद सापडला, तो तपासला, मग बदललं. इतिहास कधी बदलतो आणि कधी बदलू नये, याचं सगळं मर्म त्या पोरीच्या बोलण्यात होतं. हल्ली रोज कुणीतरी म्हणतं की आपल्याला खोटा इतिहास शिकवला, खरा इतिहास या फॉरवर्डमध्ये आहे. त्यावर माझ्या वर्गातली मुलं आता कागद विचारतात. कुठला कागद, कुणी वाचला, कुठे ठेवलाय. फॉरवर्ड पाठवणाऱ्या मामाला एका मुलाने हेच विचारलं आणि मामा चिडला, तेही मला येऊन सांगितलं.

त्या आठवड्यात एक पालक शाळेत आले. बाई म्हणतात जयंतीची तारीख चुकीची आहे, असं त्यांच्या कानावर गेलं होतं. आवाज चढलेला होता. मुख्याध्यापकांनी मला बोलावलं तेव्हा माझे हात थरथरत होते, हे लपवत नाही. मी तो झेरॉक्सचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी उभ्याने वाचायला सुरुवात केली, मग खुर्चीवर बसून पूर्ण वाचला. “शुक्रवार जुळला व्हय?” असं विचारलं. जाताना एक प्रत मागून घेतली. आता ती जयंती मंडळाच्या ऑफिसात लावलेली आहे.

पण सगळीकडे असं होत नाही. जानेवारी २००४ मध्ये पुण्यात, शिवाजी महाराजांवरच्या एका पुस्तकाच्या वादातून, जुनी हस्तलिखितं जपणाऱ्या भांडारकर संस्थेवर हल्ला झाला, हस्तलिखितांची आणि पुस्तकांची नासधूस झाली. तेव्हा मी नोकरीलाही लागले नव्हते, पण इतिहास शिकवणाऱ्या कुणाच्याही मनातून ते गेलेलं नाही. पुण्यात एवढ्या मोठ्या संस्थेचं तसं झालं, तर तालुक्याच्या शाळेतल्या एकट्या बाईचं काय, असा विचार येतोच. म्हणून बहुतेक शिक्षक धड्यातली ओळ वाचतात आणि पुढे जातात. ते भित्रे आहेत असं मी म्हणणार नाही. त्यांच्या डोक्यावर छत नाही. ते छत तुम्ही देऊ शकता. दोन साधनं शेजारी ठेवून तपासण्याचा प्रश्न बोर्डाच्या पेपरात छापून आला, की शिक्षकाला सांगता येतं : हे माझ्या मनाचं नाही, हा अभ्यासक्रम आहे. माझ्या मागणीमागचं खरं कारण हेच आहे. वर्गात साधन वाचून घ्यायला फार खर्च लागत नाही, झेरॉक्सचे दोन-चार रुपये लागतात. लागतो तो आधार.

दुसरीही एक भीती आहे आणि ती मला पहिलीपेक्षा मोठी वाटते. संशय घ्यायला शिकवलं आणि तिथेच सोडलं, तर मुलं कशावरच विश्वास ठेवत नाहीत. दोन वर्षांपूर्वी दहावीतला एक मुलगा तास संपल्यावर थांबला आणि म्हणाला, “बाई, म्हंजे सगळेच आपापलं लिहितात. खरं असं काय नसतंच.” मला त्या रात्री झोप लागली नाही. ज्याला काहीच खरं वाटत नाही, त्याला कुणीही काहीही विकू शकतं.

त्यानंतर मी वर्गात मुक्ता साळवेचा निबंध नेला. १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आलेला. फुले दांपत्याच्या शाळेतली, मातंग समाजातली चौदा वर्षांची मुलगी, म्हणजे माझ्या विद्यार्थ्यांच्याच वयाची. धर्माचं पुस्तक जर आम्हाला वाचायलाच बंदी, तर आमचा धर्म कोणता, असं ती विचारते. मुलांनी आता शिकल्याप्रमाणे आधी छापणाऱ्याची चौकशी केली. ‘ज्ञानोदय’ मिशनऱ्यांचं पत्र होतं. त्यांना हिंदू धर्मातलं वाईट छापायला आवडणारच, असं त्याच मुलाने सांगितलं. बरोबर, म्हटलं. मग तिने लिहिलेलं दुःख खोटं का? तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “छापणाऱ्याचा हेतू येगळा असंल. पण हिला काय झालं ते हिलाच म्हाईत.” हेतू ओळखूनही साधनातलं खरं वेचायचं कसं, ते त्याला त्या दिवशी उमगलं. नुसता संशय शिकवायला एक तास पुरतो. वजन करायला शिकवायचं तर वर्ष लागतं आणि ते वर्ष आमच्या हातात तेव्हाच येईल जेव्हा पेपरात त्याला किंमत असेल.

आता गुणदानाचं. नियामकांच्या बैठकीत पहिला आक्षेप हाच येईल : लाखो उत्तरपत्रिका, हजारो परीक्षक, प्रत्येकाने वेगळं उत्तर लिहिलं तर तपासायचं कसं? काळजी रास्त आहे. पण मराठीच्या पेपरात ‘स्वमत’ आपण कितीतरी वर्षं तपासतोच आहोत. तिथे मुलांची मतं वेगवेगळी असतात आणि तरीही गुण मिळतात, कारण परीक्षक मताची बाजू बघत नाही, कवितेतला आधार बघतो. इतिहासात तर आधार शोधणं त्याहून सोपं आहे. साधनातला नेमका शब्द दाखवला का? लिहिणारा कोण आणि केव्हाचा, याचा विचार केला का? कारण पटतंय का? दोन मुलांनी दोन उलट उत्तरं लिहिली आणि दोघांनी आधार दिला, तर दोघांना पूर्ण गुण. आदर्श उत्तरपत्रिकेत हे एकदा स्पष्ट छापलं की परीक्षकाचा हात अडखळणार नाही.

तो अडखळतो, हे मी पाहिलंय. काही वर्षांपूर्वी एका सराव परीक्षेचे पेपर बाहेरून तपासून आले. मौखिक साधनांच्या प्रश्नात माझ्या एका विद्यार्थिनीने पुस्तकातलं उदाहरण सोडून आजीची जात्यावरची ओवी लिहिली होती. ओवीतल्या बाजारात जायच्या वाटेवर एक वाडा येतो, तो वाडा आता पडलाय, म्हणून ओवी जुनी असणार, असं तिने दोन ओळींत समजावलं होतं. शून्य गुण. शेजारी लाल शाईत ‘पुस्तकातील उदाहरण लिहा’. त्या पोरीने पुढच्या परीक्षेत पुस्तकातलं उदाहरण लिहिलं आणि पूर्ण गुण घेतले. तपासणाऱ्याला मी दोष देत नाही, त्याच्या हातात तसंच उत्तर दिलेलं होतं.

विषय समितीला पुस्तकाबद्दल एक जोडविनंती. सध्याच्या पुस्तकात साधनांबद्दल पुष्कळ माहिती आहे, पण खुद्द साधनं फार थोडी आहेत. राजवाड्यांचं नाव येतं, त्यांनी साधनांचे २२ खंड काढले हेही येतं. पण त्यांनी १८९८ च्या पहिल्याच खंडात छापलेल्या पानिपतच्या आधीच्या दशकातल्या पत्रांपैकी एखादं पानभर पत्र आणि शेजारी पानिपतचीच गोष्ट सांगणाऱ्या ‘भाऊसाहेबांच्या बखरी’तला एखादा प्रसंग दिला, तर राजवाडे बखरींवर एवढे का रागावले ते मुलांना न सांगता कळेल. १८५७ साठी वरसईच्या विष्णुभट गोडशांचं ‘माझा प्रवास’ घ्या. झाशीचा वेढा त्यांनी डोळ्यांनी पाहिला, पण लिहिलं पाव शतकानंतर. चिंतामणराव वैद्यांनी ते १९०७ साली छापलं तेव्हा त्यात बरेच फेरफार केले. मूळ बाडाप्रमाणे ते आलं १९६६ मध्ये, दत्तो वामन पोतदारांच्या संपादनात. दोन्ही आवृत्त्यांतला एकच परिच्छेद समोरासमोर छापा. मधल्या माणसाने काय गाळलं, काय गुळगुळीत केलं, हे मुलं रंगीत पेन घेऊन शोधतील. पुण्यात पेशवे दप्तरात मोडीतले रुमालच्या रुमाल, म्हणजे कागदांची गाठोडी, पडलेत, इतिहासकार गो. स. सरदेसायांनी त्यांतून निवडून ४५ भाग छापून ठेवलेत. आपल्याकडे साधनांची वाण नाही. मोडीतल्या एखाद्या पत्राचं छायाचित्र आणि खाली देवनागरी एवढंही चालेल. आपल्याच भाषेतली ती अक्षरं पाहून मुलं किती वेळ बघत बसतात ते एकदा येऊन पाहा.

आणि साधनं फक्त पुण्यातच असतात असं नाही. आमच्या गावाच्या वरच्या अंगाला एक पाझर तलाव आहे, बहात्तरच्या दुष्काळातला. त्या दुष्काळाचा आवाका मोठा होता. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभरात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. त्याच अनुभवातून पुढे रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला. नववीच्या मुलांना मी सांगितलं की घरातल्या आजी-आजोबांना बहात्तरचं विचारा आणि ते बोलतील तसंच लिहून आणा, सुधारू नका. चाळीसेक आठवणी गोळा झाल्या. खडी फोडणं, कामावर खायला मिळणारी सुकडी, परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी, जनावरं सोडून दिलेली. दोन आज्यांच्या आठवणी एकमेकींशी जुळेनात. एक म्हणाली, कामावर सगळी सारखी होती, एकाच ओळीत बसून सुकडी खायची. दुसरी म्हणाली, आमचा पाण्याचा माठ वेगळा होता.

दोघी एकाच तलावावर, एकाच वर्षी कामाला होत्या. मुलांनी आधी ठरवलं की एक जण विसरली असेल. मग एका मुलीने हळू आवाजात म्हटलं, “ज्यांचा माठ येगळा नव्हता, त्यांच्या ध्यानात कशाला राहील?” नंतर वर्गात कुणी बोललं नाही. मीही बोलले नाही. घंटा झाली तरी मुलं बसून होती.

पुढच्या शनिवारी आम्ही तलावावर गेलो. बांधावर कोनशिला आहे, अर्धी झुडपात. मुलांनी झुडूप बाजूला केलं, दगड पाण्याने पुसला आणि अक्षरं उतरवून घेतली. मंत्र्यांचं नाव, तारीख. माती वाहिलेल्यांपैकी एकाचंही नाव नाही. परतताना एकाने विचारलं, कामावर हजेरी घेत असतील ना बाई, मग मस्टर कुठंतरी असंल. तहसीलच्या रेकॉर्ड रूमसाठीचा अर्ज मुलांनीच लिहिला, मी फक्त शुद्धलेखन तपासलं. उत्तराची वाट बघतो आहोत.

तर मागणी कशी दिसेल ते तुमच्या डोळ्यांपुढे यावं म्हणून त्या मुलांबरोबर बसून एक प्रश्न तयार केलाय. असे आणखी दहा-बारा तयार आहेत, बोलावलंत तर घेऊन पुण्याला येईन.

प्रश्न ४. पुढील दोन साधने वाचा आणि प्रश्नांची उत्तरे लिहा. (गुण ४)

साधन १ : पाझर तलावाच्या बांधावरील कोनशिला, १९७३. ‘या पाझर तलावाच्या कामाचा शुभारंभ मा. मंत्रीमहोदय यांच्या शुभहस्ते झाला.’

साधन २ : त्याच गावातील ६८ वर्षांच्या स्त्रीने आपल्या नातीला सांगितलेली आठवण. ‘सासूसंगं मी बी जायची. समदा भराव आमी बायांनी डोक्यावरून वाहिला. मिलोची भाकर घशाखाली उतरत नव्हती. आमचा पान्याचा माठ येगळा असायचा.’

(१) दोन्ही साधनांतून कळणारी एक समान गोष्ट लिहा. (१)
(२) साधन २ मध्ये असलेली पण साधन १ मध्ये नसलेली एक गोष्ट सांगा. ती साधन १ मध्ये का नसावी? (२)
(३) तलावावर काम केलेल्या माणसांची नावे शोधायची असतील, तर तुम्ही आणखी कोणते साधन पाहाल? (१)

आपली नम्र,
एक इतिहास शिक्षिका
सोलापूर जिल्हा